ज्यूरी पद्धती, इंग्लिश

फौजदारी खटल्यात आरोपीने गुन्हा केला किंवा नाही, या वस्तुस्थितीविषयक प्रश्नाचा निर्णय देण्यासाठी सर्वसामान्य नागरिकांतून निवडून शपथबद्ध केलेल्या व्यक्तींच्या मंडळास ज्यूरी म्हणतात. ‘शपथ घेणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द फ्रेंच भाषेमार्फत इंग्लिशमध्ये आला. इंग्लंड व वेल्समध्ये खून, बलात्कार, जबरी चोरी यांसारख्या गंभीर गुन्ह्यांचे खटले न्यायाधीश व बारा जणांची ज्यूरी यांच्यापुढे चालतात. कायद्याचे प्रश्न न्यायाधीशाने व वस्तुस्थितीचे प्रश्न ज्यूरीने सोडवावेत, अशी कामाची विभागणी असून आरोपी दोषी ठरल्यास शिक्षा न्यायाधीश देतो. ज्यूरी आपल्या निर्णयाची कारणे देत नाही आणि दिलेल्या निर्णयाबद्दल तिला कोणी जाब विचारू शकत नाही. या दोन वैशिष्ट्यांतच या संस्थेचे सामर्थ्य व दौर्बल्य ही दोन्ही सामावलेली आहेत. राजसत्तेने गुन्हेगार हुडकण्यासाठी स्वतःच्या सोयीने निर्माण केलेली ही यंत्रणा कालांतराने त्याच राजसत्तेच्या दंडशक्तीवरील मर्यादा बनली. हे स्थित्यंतर इंग्लिश न्यायेतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण होय.

पूर्वपीठिका : अँग्लो-सॅक्सन काळात गुन्ह्याचा निवाडा पुराव्याच्या छाननीने होत नसे. आरोपी शपथेवर आरोप नाकारी व त्याच्या शब्दावर आपला विश्वास आहे, अशी शपथ ठरावीक संख्येने इतर लोक घेत. त्यांनी वस्तुस्थितीविषयी काही सांगावे, अशी अपेक्षा नसे. आरोपीची पत एवढाच प्रश्न असे. ज्याला असे शपथसाहाय्यक मिळत नसत किंवा ज्याची ख्याती वाईट असे, त्याला दिव्य करावे लागे. तापलेले लोखंड हातात धरून काही पावले चालणे व बांधलेल्या स्थितीत पाण्यात सोडले जाणे हे दिव्याचे प्रमुख प्रकार होत. पाण्यात बुडणारा निर्दोष व तरंगणारा दोषी मानला जाई. नॉर्मन विजयानंतर (१०६६) द्वंद्वयुद्धाचीही भर पडली. या सर्व प्रकारांत निवाडा ईश्वर करतो, अशी श्रद्धा होती व माणसाने पुरावा तोलून निर्णय देण्याची गरज भासत नव्हती.

ज्यूरीचे मूळ कोठे शोधावे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. एथेलरेड राजाच्या दहाव्या शतकाअखेरच्या वाँटेज येथील कायद्यात बारा सरदारांनी शपथेवर संशयितांची नावे सांगावीत, असा उल्लेख आढळतो. उलट, हाइन्रिख ब्रुन्नर या जर्मन विधि-इतिहासकाराने एकोणिसाव्या शतकात असे प्रतिपादन केले, की फ्रँक राजे स्थानिक लोकांना शपथेवर बोलावून महसूल व जमिनीविषयी जी चौकशी करीत, तीच नॉर्मन लोकांनी इंग्लंडमध्ये आणली. १०८६ मधील डूम्सडे बुकाची पाहणी अशाच शपथबद्ध स्थानिकांच्या माहितीवर आधारलेली होती. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे : प्रारंभीची ज्यूरी ही न्याय देणारी नसून माहिती पुरविणारी होती.

आरोप करणारी ज्यूरी : दुसऱ्या हेन्रीने (कार. ११५४–८९) या पद्धतीचा फौजदारी कामात नियमित उपयोग सुरू केला. ११६६ च्या क्लॅरेंडनच्या राजाज्ञेनुसार ‘हंड्रेड’ नावाच्या प्रत्येक स्थानिक विभागातील बारा व प्रत्येक गावातील चार विश्वासार्ह माणसांनी आपल्या भागात दरोडेखोर, खुनी, चोर किंवा त्यांना आसरा देणारे कोण आहेत, हे राजाच्या न्यायाधीशांपुढे व शेरीफांपुढे शपथेवर सांगावयाचे होते. ज्याचे नाव येई त्याला पाण्याचे दिव्य करावे लागे. दिव्यातून निभावलेल्या, पण अत्यंत दुष्कीर्तीच्या माणसालाही देश सोडावा लागे. ११७६ च्या नॉर्थॅम्प्टनच्या राजाज्ञेने या गुन्ह्यांत बनावटगिरी व जाळपोळ यांची भर घातली. यामुळे खाजगी फिर्यादीवर अवलंबून असलेला फौजदारी न्याय राजाच्या हाती येऊ लागला आणि दंड व जप्ती यांचे उत्पन्नही राजकोषात जमा होऊ लागले.

हीच पुढील काळातील ग्रँड ज्यूरी होय. आरोपपत्रात प्रथमदर्शनी तथ्य आहे किंवा नाही, एवढेच ती ठरवीत असे. तिची सदस्यसंख्या पुढे जास्तीत जास्त तेवीस ठरली व आरोप मान्य होण्यास किमान बारा जणांची संमती लागे. दंडाधिकाऱ्यांकडून प्राथमिक चौकशी होऊ लागल्यावर तिचे प्रयोजन उरले नाही. १९३३ मध्ये ती बहुतांशी व १९४८ मध्ये पूर्णतः रद्द झाली.

निर्णय देणारी ज्यूरी : १२१५ च्या नोव्हेंबरमध्ये रोम येथील चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना दिव्यात भाग घेण्यास मनाई केली. धर्मगुरूच्या मंत्रोपचारावाचून दिव्याला अर्थ नव्हता. त्यामुळे इंग्लंडमधील फौजदारी न्यायाचा आधारच निखळला. १२१९ मध्ये बालराजा तिसरा हेन्री याच्या शासनाने न्यायाधीशांना असे कळविले, की गंभीर गुन्ह्यांतील संशयितांना कैदेत ठेवावे, मध्यम गुन्ह्यांतील संशयितांना देश सोडण्याची शपथ घ्यावयास लावावी आणि किरकोळ प्रकरणी जामीन घ्यावा. मात्र दोष कसा ठरवावयाचा, हे त्यांच्या विवेकावर सोपविण्यात आले. यातून मार्ग काढताना न्यायाधीशांनी हाताशी असलेल्याच साधनाचा आश्रय घेतला. आरोप करणाऱ्या शेजाऱ्यांनाच, आरोपी खरोखर दोषी आहे काय, असे ते विचारू लागले. यूरोप खंडात याच पेचातून लेखी चौकशी, कबुलीजबाब व तो मिळविण्यासाठी छळ, ही पद्धती विकसित झाली. इंग्लंडमध्ये ज्यूरीचा मार्ग रुळला.

१२१५ च्या जूनमधील मॅग्ना कार्टा या सनदेत, समकक्षांच्या निर्णयावाचून कोणाही स्वतंत्र माणसास कैद करू नये, असे कलम आहे. पुढील शतकांत हे कलम ज्यूरीच्या हक्काची हमी म्हणून वाचले गेले. तथापि त्या वेळी फौजदारी निर्णय देणारी ज्यूरी अस्तित्वात नसल्याने तो अर्थ सनदकर्त्यांच्या मनात असणे शक्य नव्हते, असे इतिहासकार मानतात.

ईश्वराचा कौल सर्वांना बंधनकारक होता; शेजाऱ्यांचा कौल तसा मानावा काय, हा प्रश्न होता. म्हणून आरोपीने ज्यूरीचा निर्णय स्वखुशीने पत्करावा, अशी अट पडली. नकार देणाऱ्यांना १२७५ च्या वेस्टमिन्स्टर येथील पहिल्या कायद्याने खडतर कैदेत ठेवण्याची तरतूद केली. तिचेच रूपांतर पुढे आरोपीच्या अंगावर दगड वा लोखंडाची वजने चढवीत जाण्याच्या अघोरी प्रथेत झाले. दोषी ठरलेल्याची मालमत्ता जप्त होई. वजनांखाली मरणारा मात्र दोषी ठरलेला नसल्याने त्याच्या वारसांचे नुकसान टळे. यास्तव काही आरोपींनी हा मृत्यू पत्करला. १५८६ मध्ये यॉर्क येथे कॅथलिक धर्मगुरूंना आसरा दिल्याच्या आरोपावर उत्तर देण्यास नकार देणाऱ्या मार्गारेट क्लिदरो या स्त्रीचा असाच अंत झाला. ही प्रथा १७७२ मध्ये बंद झाली. मात्र मौन म्हणजे दोष असे तेव्हा ठरले. मौन बाळगणाऱ्याने आरोप नाकारला आहे असे समजावे, हा आजचा नियम १८२७ चा आहे.

साक्षीदाराकडून निर्णेत्याकडे : तेराव्या शतकातील ज्यूरी-सदस्य घटनास्थळाच्या आसपासचेच असत आणि स्वतःच्या माहितीवर, गावातील बोलवेवर निर्णय देत. परिचय असणे हीच त्यांची पात्रता होती. चौदाव्या शतकात यात पालट होऊ लागला. आरोप करणाऱ्यानेच निर्णय द्यावा, हे अन्यायाचे असल्याने १३५२ च्या कायद्याने अशा सदस्यावर हरकत घेण्याचा अधिकार आरोपीला दिला. निर्णय एकमताचाच असावा, हा नियमही त्याच शतकात स्थिर झाला. लोकसंख्येचे स्थलांतर वाढले, तसे सदस्यांचे स्थानिक ज्ञान तोकडे पडू लागले व न्यायालयात साक्षीदार बोलावणे आवश्यक झाले. पंधराव्या शतकातील सरन्यायाधीश सर जॉन फोर्टेस्क्यू यांनी वर्णिलेली ज्यूरी साक्षी ऐकून मत बनविणारी आहे. सर टॉमस स्मिथ यांच्या १५८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील फौजदारी खटल्याच्या वर्णनात फिर्यादी, साक्षीदार व आरोपी यांची समोरासमोर जुंपलेली वादावादी ज्यूरी ऐकत असल्याचे दिसते. आज आरोपीशी किंवा घटनेशी परिचय असणे हीच अपात्रता ठरते. यावरून मूळ कल्पना किती उलटली, हे स्पष्ट होते.

बुशेल प्रकरण : ज्यूरी निर्णय देऊ लागली, तरी ती स्वतंत्र नव्हती. राजाला नको असलेला निर्णय दिल्यास सदस्यांना दंड व कैद होत असे. १५५४ मध्ये सर निकोलस थ्रॉकमॉर्टन यांना राणी मेरीविरुद्धच्या राजद्रोहाच्या आरोपातून मुक्त करणाऱ्या ज्यूरीला तुरुंगात पाठविण्यात आले व तिच्या सदस्यांना जबर दंड ठोठावण्यात आले. स्टार चेंबर हे न्यायालय १६४१ मध्ये रद्द झाल्यावरही न्यायाधीश स्वतःच असा दंड करीत.

या प्रश्नाचा निकाल १६७० मध्ये लागला. क्वेकर पंथाच्या प्रार्थनामंदिरास टाळे लागल्याने विल्यम पेन व विल्यम मीड हे लंडनच्या ग्रेसचर्च रस्त्यावर जमले व पेन यांनी तेथेच प्रवचन केले. बेकायदा व दंगलखोर जमाव जमविल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर ओल्ड बेली न्यायालयात खटला झाला. ज्यूरीने, पेन यांनी त्या रस्त्यावर भाषण केले एवढेच सिद्ध झाल्याचे सांगितले. जमाव बेकायदा होता, असे म्हणण्यास तिने नकार दिला. न्यायपीठाने हा निर्णय स्वीकारला नाही. सदस्यांना अन्न, पाणी व विस्तव न देता दोन रात्री कोंडून ठेवण्यात आले. तरीही ते बधले नाहीत व अखेर दोघेही आरोपी निर्दोष असल्याचा निर्णय त्यांनी दिला. त्याबद्दल प्रत्येकास चाळीस मार्क दंड झाला व तो भरेपर्यंत कैद फर्मावण्यात आली.

एडवर्ड बुशेल व अन्य काही सदस्यांनी दंड न भरता हेबिअस कॉर्पस, म्हणजे देहोपस्थितीच्या आदेशासाठी अर्ज केला. सरन्यायाधीश सर जॉन व्हॉन यांनी त्यांची सुटका केली. न्यायाधीश व ज्यूरी यांनी एकच पुरावा ऐकला, तरी दोघांचे निष्कर्ष प्रामाणिकपणे भिन्न असू शकतात. शिवाय स्थानिक रहिवासी म्हणून ज्यूरीला जे ठाऊक असेल ते न्यायाधीशाला ठाऊक असेलच असे नाही. आणि न्यायाधीशाच्या आज्ञेनुसारच निर्णय द्यावयाचा, तर ज्यूरी नेमण्याचे कारणच उरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. ज्यूरी ही साक्षीदारही आहे, या मागे पडत चाललेल्या कल्पनेचा आधार घेऊनच तिच्या आधुनिक स्वातंत्र्याचे तत्त्व प्रस्थापित झाले, हे येथे लक्षणीय आहे. यानंतर निर्णयाबद्दल सदस्यांना शिक्षा करण्याचे मार्ग बंद झाले.

राजकीय खटले : या स्वातंत्र्याची कसोटी लवकरच लागली. दुसऱ्या जेम्सने काढलेला धर्मसहिष्णुतेचा जाहीरनामा चर्चमधून वाचण्याच्या आज्ञेस सात बिशपांनी अर्जाद्वारे विरोध केला. त्यांच्यावर राजद्रोही लेखनाचा आरोप ठेवण्यात आला. पण ३० जून १६८८ रोजी ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. त्याच दिवशी ऑरेंजच्या विल्यमला इंग्लंडमध्ये येण्याचे निमंत्रण धाडण्यात आले व वर्षअखेरीस जेम्स पदच्युत झाला.

अठराव्या शतकात सरकारवरील टीका ही राजद्रोही बदनामी ठरवून लेखक-मुद्रकांवर खटले भरले जात. लेख आरोपीने प्रसिद्ध केला काय, एवढेच ज्यूरीने ठरवावे व तो राजद्रोही आहे काय, हे न्यायाधीशाने, अशी न्यायाधीशांची भूमिका होती. सेंट असाफचे डीन विल्यम शिपली यांच्या खटल्यात (१७८३-८४) टॉमस अर्स्किन या विधिज्ञाने या भूमिकेस कडवा विरोध केला. तथापि लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी जुनाच नियम उचलून धरला. चार्ल्स जेम्स फॉक्स यांनी पुढाकार घेऊन संमत करविलेल्या १७९२ च्या अधिनियमाने मात्र आरोपी एकंदरीत दोषी आहे काय, हे ठरविण्याचा अधिकार ज्यूरीला दिला. दोनच वर्षांनी, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीने सरकारने संसदीय सुधारणावाद्यांवर राजद्रोहाचे खटले भरले. तेव्हा टॉमस हार्डी हा चर्मकार, तसेच जॉन हॉर्न टूक व जॉन थेलवॉल यांना लंडनच्या ज्यूरींनी मुक्त केले. हे सदस्य मिळकतदार वर्गातीलच होते, हे विशेष.

दयाबुद्धीचे निर्णय : ज्यूरीचे सामाजिक कार्य मात्र सामान्य चोऱ्यांच्या खटल्यांत अधिक दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्याच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये दोनशेच्या आसपास अपराधांना देहान्त शिक्षा होती. राहत्या घरातून चाळीस शिलिंग किंवा अधिक किंमतीचा माल चोरणे, हा त्यांपैकी एक. अशा वेळी ज्यूरी चोरलेल्या वस्तूंची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवून आरोपीला फाशीपासून वाचवीत. मग ती वस्तू प्रत्यक्षात कितीही मोलाची असो. विल्यम ब्लॅकस्टोन यांनी या प्रथेचा पुण्यप्रद असत्य अशा आशयाने उल्लेख केला आहे. कायद्याचे शब्द व समाजाची न्यायबुद्धी यांतील अंतर ज्यूरी अशा रीतीने भरून काढीत होती. फाशीच्या भीतीने ज्यूरी आरोपीला दोषीच ठरवीत नाहीत, हा युक्तिवाद सर सॅम्युएल रोमिली यांच्यासारख्या दंडसुधारकांना उपयोगी पडला.

मात्र आरोपीची बाजू दुबळी होती. राजद्रोहाखेरीज अन्य गंभीर गुन्ह्यांत वकिलामार्फत संपूर्ण बचाव मांडण्याचा हक्क त्यास १८३६ मध्ये मिळाला व शपथेवर स्वतःची साक्ष देण्याची सर्वसाधारण मुभा १८९८ मध्ये. चुकीच्या ओळखपरेडीमुळे अ‍ॅडॉल्फ बेक हा निरपराध इसम १८९६ व १९०४ मध्ये असा दोनदा दोषी ठरला. या प्रकरणाने लोकमत क्षुब्ध होऊन १९०७ मध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले.

सदस्यांची पात्रता : १८२५ च्या अधिनियमाने ज्यूरीची सदस्यता एकवीस ते साठ वर्षे वयाच्या, विशिष्ट मिळकत असलेल्या पुरुषांपुरती ठेवली होती, पंधरा किंवा अधिक खिडक्यांचे घर असणे, ही पात्रतेची एक कसोटी होती. १९१९ च्या अधिनियमाने स्त्रियांवरील बंदी उठली. परंतु मिळकतीच्या अटीमुळे त्यांची संख्या दीर्घकाळ अल्पच राहिली. १९५६ मधील व्याख्यानमालेत लॉर्ड डेव्हलिन यांनी ज्यूरी ही प्रामुख्याने मध्यमवयीन, मध्यमवर्गीय पुरुषांचीच असल्याचे दाखवून दिले. मॉरिस समितीच्या १९६५ च्या शिफारशींनुसार १९७२ च्या अधिनियमाने मिळकतीची अट काढून मतदारयादी हाच आधार केला आणि १९७४ च्या ज्यूरी अधिनियमात सर्व तरतुदी एकत्र करण्यात आल्या. वयोमर्यादा अठरा वर्षांपासून असून तिची वरची सीमा पासष्ट, नंतर सत्तर व २०१६ पासून पंचाहत्तर अशी वाढत गेली. तेराव्या वर्षानंतर किमान पाच वर्षे देशात वास्तव्य आवश्यक असते. विशिष्ट शिक्षा भोगलेले व जामिनावर असलेले लोक अपात्र असतात. न्यायाधीश, वकील व पोलीस यांना पूर्वी वगळले जाई. २००३ च्या अधिनियमाने ही सूट काढून टाकली.

कार्यपद्धती : सर्वांत गंभीर गुन्हे केवळ क्राउन न्यायालयातच चालतात, किरकोळ गुन्ह्यांचा निकाल दंडाधिकारी ज्यूरीविना देतात. चोरीसारखे मधल्या वर्गातील गुन्हे दोहोंपैकी कोठेही चालू शकतात. क्राउन न्यायालय हे १९७१ च्या अधिनियमाने, फिरती सत्रे रद्द करून, निर्माण करण्यात आले. एकूण फौजदारी प्रकरणांपैकी नऊ-दशांशांहून अधिक दंडाधिकाऱ्यांपुढेच निकालात निघतात व वरिष्ठ न्यायालयात गेलेल्यांतही अनेक आरोपी गुन्हा कबूल करतात. त्यामुळे ज्यूरीपुढे येणारे खटले संख्येने थोडे, पण परिणामांच्या दृष्टीने सर्वांत भारी असतात.

मतदारयादीतून यदृच्छेने बोलाविलेल्यांपैकी बारा जणांची नावे खुल्या न्यायालयात चिठ्ठ्यांप्रमाणे काढली जातात. प्रत्येक जण शपथ घेतो किंवा प्रतिज्ञा करतो. कारण न देता सदस्य नाकारण्याचा बचाव पक्षाचा जुना अधिकार १९८८ च्या अधिनियमाने रद्द झाला. सकारण हरकत मात्र घेता येते. प्रथम फिर्यादी पक्ष व नंतर बचाव पक्ष आपापला पुरावा मांडतो. कोणत्याही वाजवी ज्यूरीस आरोपी दोषी ठरविता येणार नाही इतका पुरावा लंगडा असेल, तर न्यायाधीश खटला तेथेच थांबवितो. अखेरीस तो लागू कायदा समजावून सांगतो व पुराव्याचा गोषवारा देतो. दोष सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावरच असतो, हे तत्त्व हाउस ऑफ लॉर्ड्‌सने वूलमिंग्टन खटल्यात (१९३५) निःसंदिग्धपणे मांडले. आरोपी दोषी असल्याची खात्री पटली तरच ज्यूरीने तसा निर्णय द्यावयाचा असतो. पुरावा कितीही सबळ असला, तरी दोषीच ठरवा, असा आदेश न्यायाधीश ज्यूरीला देऊ शकत नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्‌सने २००५ मध्ये स्पष्ट केले.

ज्यूरीची चर्चा बंद खोलीत व गुप्तपणे होते. सुमारे सहा शतके एकमत अनिवार्य होते. एखाद्या सदस्यास लाच वा धमकी देऊन निर्णय अडविला जातो, या तक्रारीवरून १९६७ मध्ये बहुमताची मुभा देण्यात आली. किमान दोन तास विचार करूनही एकमत न झाल्यास बारांपैकी दहा जणांचा निर्णय ग्राह्य धरला जातो. आजारपणादी कारणांनी सदस्य कमी झाल्यास अकरांपैकी दहा किंवा दहांपैकी नऊ मते लागतात. नऊच उरल्यास एकमत आवश्यक असते व त्याहून संख्या घटल्यास खटला चालू राहत नाही. दोषी ठरविणारा निर्णय बहुमताचा असेल, तर मतांची संख्या जाहीर करतात; निर्दोष ठरविल्यास करीत नाहीत, जेणेकरून मुक्त झालेल्यावर संशयाची छाया राहू नये. पुरेसे बहुमतही न झाल्यास ज्यूरी विसर्जित होते व फेरखटला होऊ शकतो.

अपवाद व टीका : उत्तर आयर्लंडमध्ये दहशतवादी संघटनांकडून ज्यूरी-सदस्यांना धमक्या मिळत असल्याने लॉर्ड डिप्लॉक यांच्या शिफारशीवरून १९७३ पासून विशिष्ट गुन्ह्यांचे खटले एकट्या न्यायाधीशापुढे चालविण्यात आले. ही व्यवस्था २००७ मध्ये संपुष्टात आली; तथापि अपवादात्मक प्रकरणी ज्यूरीविना खटल्याची तरतूद तेथे ठेवण्यात आली. २००३ च्या अधिनियमाने इंग्लंडमध्येही, ज्यूरीशी संधान बांधले जाण्याचा खरा धोका असल्यास, असा खटला चालविण्यास परवानगी दिली व २०१० मध्ये हीथ्रो विमानतळावरील जबरी चोरीच्या प्रकरणी तिचा प्रथम उपयोग झाला. गुंतागुंतीचे आर्थिक घोटाळे ज्यूरीच्या आवाक्याबाहेरचे आहेत, असे रॉसकिल समितीने १९८६ मध्ये म्हटले होते; परंतु त्याबाबत २००३ मध्ये केलेली तरतूद कधी अंमलात आली नाही व २०१२ मध्ये ती रद्द झाली.

ज्यूरीवरील मुख्य आक्षेप कारणांच्या अभावाविषयी आहे. निर्णय कशाच्या आधारे दिला, हे कळत नसल्याने चूक शोधणे कठीण जाते. १९७५ मध्ये बाँबस्फोटांच्या खटल्यांत ज्यूरींनी दोषी ठरविलेले ‘गिल्डफर्ड फोर’ व ‘बर्मिंगहॅम सिक्स’ हे अनुक्रमे १९८९ व १९९१ पर्यंत तुरुंगात होते. त्यांच्याविरुद्धचा पुरावाच सदोष होता. पण ज्यूरी हे काही त्यावरील पुरेसे संरक्षण ठरले नाही. १९९४ मध्ये एका खुनाच्या खटल्यातील काही सदस्यांनी मुक्कामाच्या हॉटेलात प्लँचेटसारख्या प्रयोगाने मृताला प्रश्न विचारल्याचे उघड झाले आणि फेरखटला घ्यावा लागला. ही घटना हॉटेलात घडल्यामुळेच तिची चौकशी करता आली. चर्चेच्या खोलीतील गोष्टी उघड करणे १९८१ च्या अधिनियमाने निषिद्ध होते. इंटरनेटवरून खटल्याविषयी स्वतः शोध घेणे, हा २०१५ पासून सदस्यांच्या बाबतीत गुन्हा आहे.

समर्थकांच्या मते हाच अनुत्तरदायी अधिकार मोलाचा आहे. फॉकलंड युद्धातील ‘जनरल बेलग्रानो’ या युद्धनौकेसंबंधीची कागदपत्रे एका संसद-सदस्यास पुरविणारे सरकारी अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांना, न्यायाधीशाने कायद्याचा प्रतिकूल अर्थ सांगूनही, ज्यूरीने १९८५ मध्ये मुक्त केले. ज्यूरीने दिलेला निर्दोषतेचा निर्णय अंतिम असे. २००३ च्या अधिनियमाने अतिगंभीर गुन्ह्यांत नवा व सबळ पुरावा मिळाल्यास फेरखटल्याची सोय करून या नियमास अपवाद निर्माण केला.

क्राउन न्यायालयात तुंबलेल्या खटल्यांची संख्या २०२५ मध्ये सत्तर हजारांवर गेली. सर ब्रायन लेव्हसन यांच्या अहवालाने त्या वर्षीच्या जुलैमध्ये मधल्या वर्गातील काही खटले न्यायाधीश व दोन दंडाधिकारी यांच्या पीठाकडे सोपविण्याची शिफारस केली. डिसेंबरमध्ये सरकारने याहून पुढे जाऊन, तीन वर्षांपर्यंत कैद संभवणारे खटले एकट्या न्यायाधीशापुढे चालविण्याचा प्रस्ताव मांडला. खून व बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत ज्यूरी कायम ठेवण्याबाबत मात्र या दोन्ही योजनांत दुमत नव्हते.

भारतातील अनुभव : ब्रिटिश अंमलात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उच्च न्यायालयांत ज्यूरी पद्धती होती, परंतु तिच्यातून इंग्लिश ज्यूरीची दोन संरक्षक तत्त्वे वगळलेली होती. पहिले एकमताचे. मुंबई उच्च न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीपैकी सहा जणांचा निर्णय न्यायाधीशास मान्य असल्यास पुरेसा होई. लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये सहा विरुद्ध तीन व १९०८ मध्ये सात विरुद्ध दोन अशा मतांनी राजद्रोहाबद्दल दोषी ठरविण्यात आले. दोन्ही वेळा बहुमत यूरोपीय सदस्यांचे होते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा मतविभागणीवर कोणासही दोषी ठरविता आले नसते. दुसरे तत्त्व अंतिमतेचे. सत्र न्यायाधीशास ज्यूरीचा निर्णय अमान्य असल्यास तो प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शके. नौदल अधिकारी कावस नानावटी यांना मुंबईच्या ज्यूरीने १९५९ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी खुनाच्या आरोपातून मुक्त केले. पण सत्र न्यायाधीशाने प्रकरण वर पाठविले, उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले व १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्यापूर्वीच, १९५८ मध्ये, विधी आयोगाने ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत या पद्धतीला स्थान देण्यात आले नाही.

मूल्यमापन : सामान्य बारा माणसे प्रशिक्षित न्यायाधीशाहून सत्य अधिक अचूकपणे ओळखतात, असा दावा या पद्धतीच्या समर्थनार्थ करता येणार नाही. तिचे समर्थन वेगळ्या पायावर उभे आहे. माणसाचे स्वातंत्र्य दीर्घकाळ हिरावून घेणारा निर्णय शासनाच्या नोकरांनीच न देता, ज्यांना त्या निर्णयापासून लाभ नाही व ज्यांच्यावर त्याबद्दल सूड उगविता येत नाही, अशा नागरिकांनी द्यावा, हे ते तत्त्व होय. एकमत वा भरीव बहुमत, निर्णयाची अंतिमता व निर्णेत्यांस अभय, या तीन अटींवर ते अवलंबून आहे. या अटी काढून घेतल्यास ज्यूरीचे केवळ बाह्य रूप उरते, हे इंग्लंडच्या सतराव्या शतकापूर्वीच्या इतिहासावरून व भारतातील अनुभवावरून दिसून येते.